पाण्यात पाणी

चिनी शहाणपण आपल्या घरात येतं ते बहुतेक वेळा शोकेसच्या वाटेने. ढेरपोट्या हसरा बुद्ध, काचेच्या भांड्यात लकी बांबू, दाराशी विंडचाइम. हल्ली जोडीला सकाळचे सुविचारही असतात: पाण्यासारखे वाहा, बांबूसारखे वाका, वाद टाळा, मन शांत ठेवा. खाली कधी लाओत्सेचं नाव, कधी कन्फ्यूशियसचं. प्राचीन चीनकडून सुसंवादाने जगायला शिका, असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण नाही. शिकण्यासारखं तिथे खरोखरच पुष्कळ आहे. तक्रार एवढीच की हे सुविचार ज्याला सुसंवाद म्हणतात त्याला जुन्या चिनी ग्रंथांत वेगळाच शब्द आहे, आणि तो काही कौतुकाने वापरलेला नाही.

गोष्ट इसवी सनापूर्वी ५२२ची. आजच्या शानतुंग प्रांतात तेव्हा छी नावाचं राज्य होतं. तिथला राजा जिंग शिकारीहून परतून एका उंच चौथऱ्यावर विसावला होता आणि त्याचा मंत्री यान यिंग सेवेला हजर होता. तेवढ्यात राजाचा लाडका दरबारी लियांगछिउ जू रथ दौडवत आला. राजा खुलला. म्हणाला, ‘माझ्याशी सूर जुळतो तो एकट्या जूचाच!’

यान यिंग म्हणाला, ‘त्याचा सूर तुमच्यासारखाच आहे. जुळेल कुठून?’

‘सारखं असणं आणि जुळणं यांत फरक आहे?’

‘आहे.’

आणि मग त्याने जो दाखला दिला तो थेट स्वयंपाकघरातला. जुळणं म्हणजे रस्सा, तो म्हणाला. पाणी, विस्तव, शिरका, मांसाचं खारवलेलं लोणचं, मीठ, आंबट आलुबुखार. यांत मासा किंवा मटण शिजवायचं, खाली लाकडं पेटवायची. आचारी चव बघत राहतो. कमी पडलं ते घालतो, जास्त झालं ते मारतो. राजा आणि मंत्री यांचंही तसंच. राजा ज्याला ‘हो’ म्हणतो त्यात कुठेतरी ‘नाही’ दडलेलं असतं. मंत्र्याने ते काढून दाखवावं, म्हणजे राजाचं ‘हो’ पक्कं होतं. राजा ज्याला ‘नाही’ म्हणतो त्यात काही ‘हो’ असतं. तेही पुढे ठेवावं. हा जू काय करतो? तुम्ही हो म्हणालात की हो, नाही म्हणालात की नाही. पाण्यात पाणी ओतून केलेला रस्सा कोण खाईल? सगळ्या वाद्यांनी एकच सूर धरला तर ऐकत कोण बसेल?

‘झुओ झुआन’ या जुन्या इतिहासग्रंथात हा प्रसंग आहे. जुळण्याला मूळ शब्द आहे ‘ह’, सारखं असण्याला ‘थोंग’. जूसारख्याला मराठीत नेमका शब्द आहे: होयबा. आणि आपल्या सुविचारांमधला सुसंवाद जवळजवळ नेहमी थोंगच असतो. कुणी आवाज चढवू नये, कुणी मोडता घालू नये, सगळ्यांनी एकाची री ओढावी.

यान यिंगची यादी मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. तिच्यात मसाल्यांच्याही आधी येतात पाणी आणि विस्तव. एकमेकांचे वैरी. समोरासमोर आले तर दोघांपैकी एकजण संपणारच. ते दोघे मिळून रस्सा शिजवतात तो केवळ मधे भांडं असतं म्हणून. भांड्याचा उल्लेख मात्र यान यिंगने केलेला नाही. त्या न केलेल्या उल्लेखाकडे नंतर येतो.

हा विचार एकट्या यान यिंगचा नव्हे. त्याच्याही आधीच्या काळातला एक संवाद ‘गुओ यू’ या संग्रहात आहे. झोऊ घराण्याचा राजा यू का बुडणार, याचं भाकीत करताना दरबारातला इतिहासकार म्हणतो की राजाने ‘ह’ टाकून ‘थोंग’ धरलं आहे. भिन्न गोष्टी जुळल्या की नवं काही निपजतं, सारखीत सारखी मिसळली की वंश खुंटतो. एकच आवाज असेल तर ऐकण्यासारखं काही उरत नाही, एकच चव असेल तर जेवण होत नाही. राजा यू इसवी सनापूर्वी ७७१मध्ये मारला गेला. कन्फ्यूशियसने तर अवघ्या बारा अक्षरांत निकाल लावला: थोर माणूस जुळवून घेतो पण सारखा होत नाही, क्षुद्र माणूस सारखा होतो पण जुळत नाही. त्याचा सर्वांत आवडता शिष्य यान हुई. त्याच्याबद्दल गुरूची तक्रार काय होती? ‘याचा मला काही उपयोग नाही. मी जे बोलेन ते याला आवडतंच.’ राजाची सेवा कशी करावी, असं ज़िलू या तापट शिष्याने विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं: फसवू नकोस, पण तोंडावर विरोध कर.

गंमत अशी की सुसंवादाचे हे दोन मोठे जाणकार, यान यिंग आणि कन्फ्यूशियस, यांचं आपसात जमलं नाही. नंतरच्या काळातल्या सिमा छियेन या इतिहासकाराच्या ग्रंथात आहे की राजा जिंग कन्फ्यूशियसला जमीन द्यायला निघाला होता, आणि यान यिंगनेच त्याला परावृत्त केलं. हे पंडित लोक, यांच्या रीतिभाती शिकता शिकता जन्म जाईल, असं काहीसं त्याचं म्हणणं. तरी कन्फ्यूशियसच्या संवादांत यान यिंगबद्दल चांगलाच शब्द आहे: माणसांशी संबंध कसे ठेवावेत हे त्याला कळतं, ओळख जुनी झाली तरी आदर कमी होऊ देत नाही. मतभेद मिटले नाहीत, आदर गेला नाही. ‘ह’ची व्याख्या शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

हे सगळं उकरून काढायचं कारण शोकेसमधला बुद्ध नाही. त्याने कुणाचं काय बिघडवलंय? कारण हे की या एका शब्दाची अदलाबदल एका अख्ख्या राज्यसत्तेने केली आहे.

२००४पासून हू जिंताओ यांच्या कारकिर्दीत चिनी कम्युनिस्ट पक्षाने ‘सुसंवादी समाज’ हे अधिकृत ध्येय ठरवलं. जलद रेल्वेगाड्यांना ‘सुसंवाद’ असं नाव मिळालं. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात छपाईच्या खिळ्यांसारखे शेकडो ठोकळे वरखाली होत होते आणि त्यांतून ‘ह’ हे अक्षर उमटत होतं. सुसंवादाला चिनीत जोडशब्द आहे ‘ह-शिए’. पहिल्या अक्षरात धान्य आणि तोंड, दुसऱ्यात बोलणं आणि ‘सगळे’. भाषाभ्यासक म्हणतील की यांतली काही चिन्हं निव्वळ उच्चारापुरती आहेत. पण सामान्य चिनी माणसाने त्याची फोड आपल्या परीने केलीच: प्रत्येकाच्या तोंडात घास आणि प्रत्येकाला बोलायची मुभा. प्रत्यक्षात इंटरनेटवरचा मजकूर उडवला जाऊ लागला, तसे लोक म्हणू लागले, ‘माझ्या लेखाचा सुसंवाद झाला.’ मग तो शब्दही उडू लागला, तेव्हा त्याच्याशी उच्चार जुळणारा ‘नदीतला खेकडा’ पुढे आला. चित्रांत, विनोदांत, जिकडेतिकडे खेकडे. जानेवारी २०११मध्ये तिएनआनमेन चौकाच्या कडेला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, कन्फ्यूशियसचा साडेनऊ मीटर उंच कांस्य पुतळा उभा राहिला, आणि एप्रिलमध्ये एका रात्री तो तिथून गेला. संग्रहालयाच्या आतल्या अंगणात त्याची रवानगी झाली होती. ‘तोंडावर विरोध कर’ म्हणणारा माणूस त्या चौकात अवघडलाच असता म्हणा.

आता एक कागद. ३ जानेवारी २०२० या दिवशी वूहानच्या एका पोलिस ठाण्यात ली वेनलियांग या नेत्रतज्ज्ञांनी त्यावर सही केली. सार्ससारख्या आजाराचे रुग्ण आलेत, जपून राहा, असं त्यांनी वर्गमित्रांच्या चॅट ग्रुपवर लिहिलं होतं. कागद छापील नमुन्याचा. तुमच्या वागण्याने समाजाची सुव्यवस्था गंभीरपणे बिघडली आहे, असं त्यात म्हटलेलं. शेवटी दोन प्रश्न. हे थांबवणं जमेल का? खाली हाताने लिहिलेलं, ‘जमेल’. समजलं का? ‘समजलं’. शब्दांवर बोटाचे लाल ठसे. पाच आठवड्यांनी, ७ फेब्रुवारीला, ते त्याच आजाराने गेले. वय पस्तिशीच्या आतलं. इस्पितळातून त्यांनी त्साइशिन या नियतकालिकाला सांगितलं होतं: निरोगी समाजात एकच आवाज असता कामा नये. मार्चमध्ये पोलिसांनी तो समजपत्राचा कागद मागे घेतला आणि कुटुंबाची माफी मागितली.

यान यिंगची एकसुरी वाद्यं आणि लींचं ते वाक्य यांत अडीच हजार वर्षांचं अंतर आहे आणि अर्थाचं अंतर जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच ‘व्यक्तिस्वातंत्र्य, मतभेद ही पाश्चात्त्यांची चैन, आम्हा पूर्वेकडच्यांना सामंजस्य प्यारं’ असं कुणी म्हणू लागलं की माझा संशय बळावतो. हे वाक्य फक्त बीजिंगमध्ये म्हटलं जातं असं नाही. ते म्हणणाऱ्याने पूर्वेकडचे ग्रंथ नीट उघडले नसावेत, किंवा उघडून नेमकी पानं चिकटवून टाकली असावीत. चिकटवण्याला तर इतिहास आहे. मिंग घराण्याच्या संस्थापकाला कन्फ्यूशियसच्या परंपरेतला विचारवंत मेन्शियस सहन होईना, कारण जुलमी राजाला मारणं म्हणजे राजहत्या नव्हे, असं मेन्शियस सांगत होता. १३९४मध्ये मेन्शियसची कापलेली आवृत्ती निघाली. ८५ उतारे गायब.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही. वाचक म्हणेल, कन्फ्यूशियसच तर बापापुढे मुलाने, राजापुढे प्रजेने, नवऱ्यापुढे बायकोने वाकावं असं सांगणाऱ्या परंपरेचा मूळपुरुष. त्याच्यात बंडखोर कसला शोधताय? खरं आहे. आईवडिलांचं चुकलं तर हळुवारपणे सांगावं, त्यांनी नाही ऐकलं तर आदर न सोडता आणि कुरकुर न करता सेवा करत राहावं, असं त्याच्या संवादांत स्पष्ट आहे. यान यिंगच्या रश्श्यातसुद्धा मंत्र्याचं ‘नाही’ हे राजाचं ‘हो’ पक्कं करण्यासाठी. जेवणारा एकच. बायकांचा तर त्या चौथऱ्यावर प्रश्नच नव्हता. पण त्याच परंपरेतल्या ‘श्याओ जिंग’ या पितृभक्तीच्या पोथीत शिष्य विचारतो, बापाची आज्ञा पाळणं म्हणजेच पितृभक्ती ना? त्यावर गुरू उखडतो: ‘हे काय बोलणं झालं!’ सम्राटाला ‘चुकलात’ असं सांगणारे सात जण जरी असले तरी तो स्वतः बिघडलेला असूनही राज्य गमावत नाही, आणि सांगणारा एक मुलगा असेल तर बाप अधर्मात पडत नाही. पितृभक्तीच्या पोथीत हे आहे. तेव्हा परंपरा वाकायला शिकवते हे जितकं खरं, तितकंच ती वाकता वाकता बोलायलाही शिकवते.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे, आणि तो भांड्याचा आहे.

पाणी आणि विस्तव यांच्यामध्ये काय उभं करायचं, याला कन्फ्यूशियसच्या लोकांचं उत्तर होतं ‘ली’: रीतभात, विधी, कोणी कुणाशी कसं वागायचं याचे संकेत. त्याचा शिष्य यू रुओ म्हणतो की रीतभातीत मोलाचा तो सुसंवाद, पण सुसंवादासाठी सुसंवाद करायला गेलात, रीतभातीचा लगाम नसला, तर तेही चालणार नाही. विचार चांगला. पण रीतभात माणसाला धरून ठेवते ती त्याला लाज असेपर्यंतच. निर्लज्ज सम्राटापुढे भांडं फुटतं.

आणि लाज असलेल्या सम्राटापुढेसुद्धा ते तडकतं. चिनी इतिहासात आदर्श जोडी म्हणून जिचं नाव घेतात ती थांग घराण्याचा सम्राट थायझोंग आणि त्याचा मंत्री वेई झंग यांची. वेई झंग भर दरबारात सम्राटाला खोडून काढायचा. एकदा थायझोंग ससाण्याशी खेळत असताना तो येताना दिसला. हा शिकारीच्या नादाबद्दल बोलणार म्हणून सम्राटाने पक्षी घाईघाईने कपड्यांत लपवला. वेई झंगने बोलणं मुद्दाम लांबवलं. ससाणा गुदमरून मेला. एकदा सम्राट संतापून अंतःपुरात आला, ‘त्या गावंढळाला मी ठार करणार आहे’ म्हणाला. सम्राज्ञी झांगसुन आत गेली आणि दरबारी पोशाख चढवून आली. कशासाठी? तर अभिनंदन करायला. राजा थोर असेल तरच मंत्री सरळ बोलतो, वेई झंग सरळ बोलतोय म्हणजे आपण थोर आहात. राग गेला. (चौथऱ्यावर बायका नव्हत्या म्हटलं खरं, पण विस्तव आणि पाणी यांच्यामध्ये इथे हीच बाई उभी होती.) वेई झंग ६४३मध्ये वारला तेव्हा सम्राट म्हणाला, माझा आरसा गेला. आणि काही महिन्यांतच कान भरले गेल्यावर त्याच वेई झंगच्या समाधीचा शिलालेख त्याने पाडायला लावला. दोन वर्षांनी कोरियावरची मोहीम फसली. परतताना म्हणाला, वेई झंग असता तर त्याने मला जाऊ दिलं नसतं. शिलालेख पुन्हा उभारला.

एवढ्या मोठ्या साम्राज्यात ‘नाही’ म्हणण्याची सोय कशावर टांगलेली होती पाहा: एका माणसाच्या मूडवर आणि त्याच्या बायकोच्या हजरजबाबीपणावर.

मिंग काळातल्या हाय रुईकडे अशी सम्राज्ञी नव्हती. १५६६मध्ये त्याने जियाजिंग सम्राटाला खरमरीत पत्र लिहिलं. सम्राट कडाडला, पकडा, पळून जाऊ देऊ नका. एक खोजा म्हणाला, तो नाही पळायचा. शवपेटी विकत घेऊन, बायकोचा निरोप घेऊन, नोकरांना वाटेला लावून आलाय. हाय रुई तुरुंगात गेला आणि सम्राट मेला म्हणून सुटला. पुढे चार शतकांनी, १९५९च्या वसंतात, खुद्द माओने कार्यकर्त्यांना सांगितलं की हाय रुईसारखं निर्भीड व्हा. जुलैमध्ये मार्शल पेंग दहुआई यांनी ते मनावर घेतलं आणि ‘ग्रेट लीप’ या झटपट औद्योगिकीकरणाच्या मोहिमेची चूक सांगणारं पत्र माओला लिहिलं, संरक्षणमंत्रिपद गेलं. इतिहासकार आणि बीजिंगचे उपमहापौर वू हान यांनी हाय रुईवर नाटक लिहिलं. नोव्हेंबर १९६५मध्ये त्या नाटकावर शांघायच्या वृत्तपत्रात जो हल्ला झाला त्यातूनच सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी पडली. वू हान १९६९मध्ये कैदेत मेले. सोळाव्या शतकातल्या हाय रुईला निदान शवपेटी निवडायला मिळाली होती.

म्हणून माझं म्हणणं असं. प्राचीन चीनकडून रश्श्याची कृती घ्यावी. तिच्याइतकी नेमकी कृती मला इतरत्र भेटलेली नाही. मात्र भांडं तिथून आणू नये. ‘नाही’ म्हणणाऱ्याला शवपेटी घ्यावी लागू नये ही व्यवस्था रीतभातीने होत नाही. तिला कायदा लागतो, न्यायालय लागतं, राजाच्या मर्जीबाहेरचं छापखान्याचं यंत्र लागतं, आणि विरोधी बाकांवर बसलेल्यालाही सरकारी पगार मिळावा अशी काहीशी चमत्कारिक कल्पना लागते. आपल्याकडे ती कल्पना आहे. वापरण्याची सवय मात्र सुटत चालली आहे. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की आपण गावाचं कौतुक करतो. कोण उभं राहणार होतं आणि ते का बसलं, हे विचारत नाही.

आमच्या सोसायटीच्या सभेत मागचं फाटक कायमचं बंद करायचा ठराव आला. अध्यक्षांनी विचारलं, ‘सगळ्यांना मान्य ना?’ तिसऱ्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, ‘मला नाही मान्य. गुडघ्याच्या व्यायामाला मी तिथूनच जाते. पुढून वळसा पडतो.’ चारी बाजूंनी सुरू झालं, ‘अहो काकू, जाऊ द्या ना’, ‘एवढ्याशासाठी कशाला वातावरण बिघडवायचं’. मी काहीच बोललो नाही. खाली चहा आला होता. इतिवृत्तात आलं: ठराव सर्वानुमते मंजूर. मतदान घेतलं असतं तरी काकू हरल्या असत्या, फाटक बंदच झालं असतं. पण मग इतिवृत्तात लिहावं लागलं असतं, ‘एक विरोधी’. ते दोन शब्द लिहिण्याची आम्हा साठ माणसांना लाज वाटली.

लाओत्सेच्या पोथीत अठराव्या प्रकरणात आहे की सहा नात्यांतला सुसंवाद गेला की पितृभक्तीचं गुणगान सुरू होतं, आणि राज्य अंदाधुंदीत बुडालं की निष्ठावंत मंत्री दिसू लागतात. सोसायटीच्या नोटीसबोर्डावर ‘आपण सारे एक कुटुंब’ लागलं की मला ते आठवतं. आणि च्वांगत्झ या ताओवादी तत्त्वज्ञाच्या गोष्टीतला तो समुद्रपक्षी. लू राज्याच्या वेशीबाहेर एक समुद्रपक्षी उतरला. राजाने त्याला मंदिरात आणलं, दारू पाजली, दरबारी संगीत ऐकवलं, बैल आणि डुकरं कापून मेजवानी मांडली. पक्ष्याने एक घास खाल्ला नाही, एक घोट घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मेला. राजाचं प्रेम खरं होतं. त्याने पक्ष्याला स्वतःसारखं वागवलं, एवढंच. लग्न, मुलं, सासर-माहेर या विषयांवरची सुसंवादाची पुस्तकं मी चाळली आहेत. हा पक्षी त्यांत क्वचितच उतरतो. उतरला असता तर निम्मे सल्ले काढून टाकावे लागले असते.

यान यिंगच्या त्या चौथऱ्यावरची दुपार मात्र रश्श्यापाशी संपली नाही. पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. मद्यपान सुरू झालं, राजा रंगात आला आणि म्हणाला, ‘पूर्वीपासून मरणच नसतं तर काय मजा आली असती!’

आता अशा वेळी जूने काय केलं असतं ते सांगायला नको. यान यिंग म्हणाला, ‘पूर्वीपासून मरण नसतं तर मजा पूर्वीच्यांनीच केली असती. तुमच्या वाट्याला काय आलं असतं?’ आणि त्याने त्या जमिनीचे आधीचे मालक एकामागून एक मोजून दाखवले. आधी श्वांगजिउ, मग जीज़, मग बोलिंग, मग पूगू, मग तुमचे मूळपुरुष थायगोंग. मरण नसतं तर इथे अजून श्वांगजिउच बसला असता, महाराज.

त्यावर राजा काय म्हणाला ते ग्रंथात नाही. यान यिंग मात्र त्यानंतरही वीसएक वर्षं त्याच राजाच्या पदरी होता.